पित्ताच्या खड्यावर पाला मागायला येणाऱ्यांसाठी

सांगलीत गणपती पेठेत आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. वडिलांच्या मागे गेली एकतीस वर्षं गल्ल्यावर मी बसतो. आठवड्यातून चार-पाच जण तरी मोबाईलवर सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "अण्णा, खड्याचा पाला द्या." तराजूला हात लावायच्या आधी मी एकच विचारतो, खडा कुठला? मुतखडा की पित्ताशयातला?

निम्म्या लोकांना हे दोन वेगळे आजार आहेत हेच माहीत नसतं. मुतखडा मूत्रपिंडात होतो, तो बहुतेक वेळा कॅल्शियमच्या क्षारांचा असतो, आणि बारीक असेल तर लघवीवाटे पडून जातो. म्हणून त्याला भरपूर पाणी, हुलग्याचं कढण, सराट्याचा काढा, पानफुटीची पानं हे सगळं लोक पिढ्यान्‌पिढ्या देत आले. पित्ताशय यकृताच्या खाली चिकटलेली छोटी पिशवी आहे. तिथून लघवी जातच नाही. लघवी वाढवणारा पाला किती का प्यायलात, तो त्या पिशवीतल्या खड्यापर्यंत पोचणार कसा? पाषाणभेद मागायला आलेल्या माणसाला मी हे पहिल्यांदा सांगतो. शिवाय पाषाणभेद म्हणून एका गावात एक मूळ मिळतं, दुसऱ्या गावात पानफुटी, तिसऱ्या गावात पानओवा. नाव एक, वनस्पती तीन.

तिसरा घोळ आपल्या भाषेचा आहे. आपण छातीत जळजळ झाली की "पित्त झालंय" म्हणतो. ते पोटातलं आम्ल. पित्ताशयातलं पित्त म्हणजे यकृताने तयार केलेला हिरवट-पिवळा कडू रस. खड्याच्या दुखण्याला "पित्त" समजून वर्षभर सोडा आणि आम्लपित्ताच्या गोळ्या खात बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं. त्यातला काही भाग पित्ताशयात साठून घट्ट होतो. पिशवी केवढी, तर ३० ते ५० मिलिलिटरची, म्हणजे चहाचा अर्धा कप. तेलातुपाचं जेवण आतड्यात उतरलं की पिशवी आकसते आणि रस खाली सोडते. रसात कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा पिशवी वेळेवर रिकामी झाली नाही, की त्याचे कण बसतात, गाळ होतो आणि गाळाचा खडा. काही खडे काळे, रक्तातल्या रंगद्रव्याचे असतात. ज्यांच्या रक्तपेशी आजारामुळे लवकर फुटतात त्यांना ते होतात, आणि त्यांचा खाण्यापिण्याशी फारसा संबंध नसतो.

आता तुम्हाला जे ऐकायचं आहे ते. पित्ताशयातला तयार झालेला खडा विरघळवते असं माणसांवर नीट तपासून सिद्ध झालेली एकही वनस्पती माझ्या दुकानात नाही. दुसऱ्या कोणाच्याही दुकानात नाही. डॉक्टर देतात त्या अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्यासुद्धा फक्त बारीक, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर आणि पिशवी चालू असेल तरच उपयोगी पडतात. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत घ्याव्या लागतात, आणि खडे गेले तरी पाच वर्षांत निम्म्या लोकांना ते परत होतात. गोळीची ही गत, तर पाल्याकडून काय अपेक्षा करायची?

माझ्या वहिनीचं काय झालं

हे मी इतक्या ठामपणे का बोलतो ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला दोन खडे निघाले. एक १४ मिलिमीटरचा, एक ६ चा. अधूनमधून जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीत खवाट्यापर्यंत जायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे एवढा पाला आहे, मला कशाला कापून घ्यायला लावता?" मी भुईआवळा आणि पुनर्नवा बांधून दिली. चार महिने त्यांनी नेमाने काढा घेतला. कळा कमी झाल्या, आम्हाला वाटलं गुण आला.

पाचव्या महिन्यात डोळे पिवळे झाले. लघवी चहासारखी, शौच पांढुरकं मातीसारखं. घरच्यांनी कावीळ म्हणून शेजारच्या गावात उतरवायला नेलं. तिथे डोक्यावर माळ घातली, चुन्याच्या पाण्याने हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. त्यात पाच दिवस गेले. सहाव्या रात्री हुडहुडी भरून ताप आला तेव्हा दवाखाना गाठला. लहान खडा पिशवीतून घसरून पित्तनळीत अडकला होता, वरती पू धरत होता. तोंडातून दुर्बीण घालून तो काढला, नळीत स्टेंट टाकला, आणि दीड महिन्याने पित्ताशय काढलं. वहिनी वाचल्या. पण त्या चार महिन्यांत मी त्यांना "आधी ऑपरेशनचं बघा" म्हणालो असतो तर ती रात्र आलीच नसती. कळा कमी होणं म्हणजे खडा जाणं नव्हे, हे मी त्या घरात शिकलो.

रिपोर्ट आणल्यावर काय बघायचं

रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि लोक तो न वाचताच फिरतात. चार शब्द ओळखायला शिका. "कॅल्क्युलस" किंवा "कॅल्क्युलाय" म्हणजे खडा, खडे. शेजारी मिलिमीटरमध्ये आकार असतो. "स्लज" म्हणजे अजून गाळच आहे. "वॉल थिकनिंग" लिहिलं असेल तर पिशवीची भिंत जाड झाली आहे, बहुतेकदा सूज असते. आणि "सीबीडी डायलेटेड" म्हणजे मुख्य पित्तनळी फुगली आहे, तिथे खडा अडकला असण्याची शक्यता आहे. हे शेवटचे दोन शब्द दिसले तर मी काहीही विकत नाही, सरळ सर्जनकडे पाठवतो. तीन सेंटिमीटरच्या वरचा खडा असेल किंवा खड्याबरोबर पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवरची छोटी वाढ, लिहिला असेल तरी तेच. अशा पित्ताशयात कॅन्सरचा धोका वाढतो.

दुसरी बाजूही आहे. बऱ्याच जणांना दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसतात आणि त्यांना कधीच काही झालेलं नसतं. अशांपैकी वर्षाला शंभरात दोन-चार जणांनाच त्रास सुरू होतो. त्यांना डॉक्टर बहुधा "थांबून बघू" म्हणतात. ताटातल्या वनस्पतींचा खरा उपयोग याच लोकांना आहे. तसाच ज्यांच्या आईला, मावशीला खडे होते त्यांना, आणि ज्यांचा अजून गाळच आहे त्यांना.

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जायचं असतं. चहासुद्धा नको. खाऊन गेलात तर पिशवी आकसलेली असते आणि बारीक खडे दिसत नाहीत.

ताट कसं लावायचं

सगळ्यात आधी उपाशी राहणं बंद करा. हे मी बायकांना जास्त सांगतो, कारण खडे बायकांना जास्त होतात, बाळंतपणांनी शक्यता आणखी वाढते, आणि आपल्याकडे उपासही बायकाच जास्त करतात. दिवसभर पोटात काही नाही म्हणजे पिशवी भरलेलीच राहते, रस घट्ट होत जातो. मग रात्री साबुदाण्याची खिचडी, वर तूप, दाण्याचं कूट, शेंगदाण्याची आमटी. त्या रात्री पिशवी जोरात आकसते आणि कळ येते. नवरात्र संपलं की माझ्याकडे येणाऱ्या रिपोर्टची संख्या वाढते, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. उपास सोडायचा नसेल तर दर तीन-चार तासांनी थोडं खा. वरीचा भात, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, ताक, पपई. खिचडी चार घासच.

वजन उतरवायचं असेल तर हळू. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन घसरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं आणि नवे खडे होतात. अर्धा किलो, फार तर एक किलो, एवढंच.

तेल-तूप पूर्ण तोडू नका. बिनतेलाचं खाणाऱ्याची पिशवी रिकामी व्हायचं कारणच उरत नाही. ज्यांना त्रास नाही त्यांनी दर जेवणात चमचाभर तेल किंवा तूप घ्यावं. ज्यांना कळ येते त्यांनीही दिवसभरात थोडं थोडं वाटून, एकदम नाही. तर्री, भजी, वडापाव, मटणाचा रस्सा हे मात्र बाजूलाच.

भाकरी ज्वारीची, आपल्याकडच्या शाळूची, कोंडा न काढलेल्या पिठाची. चोथा असलेलं अन्न आतड्यात पित्ताचे घटक बांधून बाहेर नेतं, यकृताला नवे बनवावे लागतात आणि त्यात कोलेस्टेरॉल खर्ची पडतं. पेरू बियांसकट, पालेभाजी रोज एक, आवळा मिळेल त्या दिवसांत. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा बदाम. अमेरिकेत नर्सेसचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात दाणे-बदाम नेमाने खाणाऱ्यांना पित्ताशयाची ऑपरेशनं कमी लागलेली दिसली. ज्याला सध्या दाण्यांनीच कळ येते त्याने मात्र थांबावं.

मेथीचं जरा विस्ताराने सांगतो, कारण ती स्वस्त आहे आणि घरोघर आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत उंदरांना खूप कोलेस्टेरॉलचं खाणं देऊन खडे तयार केले गेले. ज्यांच्या खाण्यात मेथ्या होत्या त्यांना खडे कमी झाले. कांदा-लसणाबाबतही तिथे असंच दिसलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे लक्षात ठेवूनच मी मेथी सांगतो, पण अन्न म्हणून ती चांगलीच आहे. मोड आणून खा. दोन मोठे चमचे मेथ्या रात्री भिजवा, सकाळी पाणी ओता, दोनदा धुवा. पहिल्या पाण्यात बराचसा कडूपणा निघून जातो. ओल्या फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवा, संध्याकाळी एकदा पाणी शिंपडा. दुसऱ्या दिवशी पांढरं टोक दिसतं, तिसऱ्या दिवशी अर्ध्या बोटाएवढा मोड. थंडीत एक दिवस जास्त लागतो. कमी तेलात मोहरी, लसणाच्या चार पाकळ्या, चिमूटभर हळद, वरून मोड आणि थोडा गूळ. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं, पाण्याचा हबका मारत. भाकरीबरोबर वाटीभर पुरते. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मेथी रोज सुरू करताना साखर तपासत राहावी, ती खाली येते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका.

हुलगे? जरूर खा. माडगं करा, उसळ करा. पण अन्न म्हणून.

दुधीचा रस सकाळी प्या असं हल्ली फार लोक सांगतात. दुधीची भाजी उत्तम, पचायला हलकी. रस काढणार असाल तर आधी दुधीची एक चकती कापून जिभेला लावा. कडू लागली तर पूर्ण दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नका असं स्पष्ट सांगितलं आहे. आमच्या घरी रस काढतच नाही, भाजीच करतो.

हळदीबद्दल सांगलीकराने बोललंच पाहिजे. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांत साठवलेली हळद माझ्या आजोबांनी विकली. आमटीत, भाजीत हळद घाला, काहीही बिघडत नाही. पण निरोगी माणसांवरच्या प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाच्या २० मिलिग्रॅमनेसुद्धा पित्ताशय आकसलेलं दिसलं. जेवणाने ते आकसतंच, ते वेगळं. उपाशीपोटी हळदीची कॅप्सूल, जिच्यात कर्क्युमिन पाचशे मिलिग्रॅम असतं, ती घेऊन खडे भरलेली पिशवी पिळायची हा सरळ धोका आहे. नळीत खडा असेल तर मुळीच नको. गिऱ्हाईक मागतं, मी नाही म्हणतो.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा प्रयोग

दिवसभर सफरचंदाचा रस, रात्री कपभर ऑलिव्ह तेल लिंबू पिळून, आणि सकाळी शौचातून हिरवे खडे पडतात. हा प्रकार मोबाईलवरून घरोघर पोचला आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मिरजेचे एक काका स्टीलच्या डबीत असे वीस-पंचवीस खडे घेऊन दुकानात आले. वाटाण्याएवढे, मेणचट, पोपटी रंगाचे. फार आनंदात होते. डबी गल्ल्यावर उघडी ठेवली, उन्हाची तिरीप तिथपर्यंत येते. आम्ही बोलत असताना अर्ध्या तासात खडे कडेने पाघळले आणि डबीच्या तळाशी हिरवं तेल सुटलं. काकांचा चेहरा मला अजून आठवतो.

ते खडे पित्ताशयातले नव्हते. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात असेच खडे तपासल्याची नोंद आली. ते ४० अंशांवर वितळले, आणि आत बहुतांश तेलातली आम्लं निघाली. तेल आणि लिंबाचा रस पोटात एकत्र होऊन साबणासारख्या गोळ्या झालेल्या. पित्ताशयातला खडा उन्हात पाघळत नाही. काकांना मी सोनोग्राफी परत करायला लावली. त्यांचे तिन्ही खडे जागेवर होते. शिवाय एवढं तेल एकदम घेतल्याने पिशवी जोरात आकसते आणि खडा नळीत ढकलला जाऊ शकतो. त्यांचं नशीब बलवत्तर.

दुकानातल्या औषधींबद्दल

कुटकी, भुईआवळा, पुनर्नवा, माका, गुळवेल ही यकृतासाठीची म्हणून आयुर्वेदात मोठ्या मानाची नावं आहेत, आणि वैद्यांनी नाडी-पोट बघून लिहून दिली तर मी ती आदराने देतो. पण यूट्यूब बघून कोणी "अर्धा किलो कुटकी द्या" म्हटलं तर देत नाही. कुटकी हिमालयातून येते, महाग आहे, म्हणून भेसळ फार. पुनर्नव्यात तिच्यासारखीच पसरणारी दुसरी वनस्पती मिसळून येते, वाळल्यावर भल्याभल्यांना ओळखू येत नाही. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. वाद काहीही असो, ज्याचे डोळे पिवळे आहेत त्याने स्वतःच्या मनाने काढा घेऊ नये. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला यातलं काहीही माझ्या दुकानातून मिळत नाही.

वैद्यांचं औषध घेणारच असाल तर दोन गोष्टी करा. कोणतं औषध, कधीपासून, हे सोनोग्राफीच्या फाईलवरच लिहून ठेवा. आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी परत करा. आकार मिलिमीटरमध्ये बघा, बरं वाटतंय यावर जाऊ नका.

कळ आली तर

खाणं थांबवा. पाणी घोट-घोट चालेल. गरम पाण्याची पिशवी उजव्या बाजूला धरून बसा. ओवा, सोडा, तेल, काढा काहीही पोटात ढकलू नका. घड्याळ बघा. खड्याची साधी कळ चढते, टिकते आणि काही तासांत ओसरते. दोन तासांत ओसरायला लागली नाही, उलटी थांबत नाही, ताप किंवा थंडी वाजली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, किंवा दुखणं पोटाच्या मधोमध येऊन पाठीत आरपार गेलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. शेवटचं लक्षण स्वादुपिंडाला सूज आल्याचं असू शकतं आणि त्यात जीव जातो. चाळिशीच्या पुढच्या, विशेषतः साखर असलेल्या माणसाने घाम आणि छातीत दडपण असेल तर एक मिनिटही थांबू नये. हार्ट अटॅकसुद्धा कधी कधी असाच पोटात दुखतो. तिथे आधी ईसीजी.

कावीळ उतरवायला नेऊ नका. माळ वाढणं आणि चुन्याचं पाणी पिवळं होणं, यातल्या कशानेही नळीतला खडा हलत नाही.

ऑपरेशनची भीती लोकांना फार. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी पहिल्यांदा केलं. आज ते तालुक्याच्या गावातही होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घरी येतो. पित्ताशय काढल्यावर पचनच होत नाही हा समज चुकीचा आहे. पित्त यकृतात बनतं ते बनतच राहतं, फक्त साठण्याऐवजी थेट आतड्यात उतरतं. काहींना सुरुवातीला पातळ शौचाला होतं. तेव्हा मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी, केळं, ताक. तेल हळूहळू वाढवत न्यायचं, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं.

आणि ऑपरेशनची तारीख ठरली की घरात चालू असलेल्या लसणाच्या, हळदीच्या कॅप्सूल, मेथीचे डोस, कुठलाही काढा, सगळ्याची यादी करून सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. यातली काही रक्त जास्त वेळ वाहू देतात, म्हणून ती आधीच बंद करावी लागतात. पुड्या फेकू नका, पिशवीत भरून सोबतच न्या. नाव आठवलं नाही तरी डॉक्टरांना पुडी दिसते. पुडीवर आमच्या दुकानाचा शिक्का असेल तर आतली वनस्पती काय आहे ते डॉक्टरांनी फोन केल्यावर मी सांगतो. आजवर असे कितीतरी फोन आले आहेत.